पाच रिकाम्या ओळी

एल्डन स्कारने लोकरीचा लाल गुंडा ट्रूडीच्या कीबोर्डवर ठेवला, दोन सुया त्याच्या शेजारी नीट मांडल्या आणि टोपी हातात घेऊन तो उभा राहिला.

"यातली कुठली सुई कुठल्या हातात धरायची?"

ट्रूडी वोंड्राने लोकरीकडे पाहिले, मग खिडकीबाहेर. बाहेर जून महिना चालू होता आणि समोरच्या बँकेचा मॅनेजर अर्ध्या चड्डीत कुत्रा फिरवत होता. हार्डवेअरच्या दुकानावरच्या माडीवर तिचे एका खोलीचे ऑफिस होते. चर्च, शाळा, दातांचे डॉक्टर, मासेमारीचे गळ विकणारे, अशा सगळ्यांच्या वेबसाइट ती तिथे बसून बनवायची. लोक जिना चढून काय काय विचारायला येत. लोकर घेऊन आजवर कुणी आले नव्हते.

"एल्डन, मी वेबसाइट बनवते."

"ठाऊक आहे. जत्रेच्या फॉर्मखाली तूच लिहिलंयस ना, मदत लागल्यास ट्रूडी वोंड्रा यांना भेटा म्हणून? मला मदत लागली."

बासवुड काउंटीच्या ऑगस्टमधल्या जत्रेत लोणची, मुरंबे, पाई, रजया, फुले, ससे असे जे जे स्पर्धेला ठेवायचे, त्याची नोंद यंदा प्रथमच वेबसाइटवर होत होती. तो फॉर्म ट्रूडीने बनवला होता, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

"मला ठेवायचं होतं फक्त बीटचं लोणचं," एल्डन म्हणाला. "ते पहिल्या ओळीत लिहिलं. पण खाली आणखी चार ओळी होत्या."

"त्या रिकाम्या सोडायच्या."

चर्चच्या दानपेटीतून सुटे पैसे काढून घे म्हणावे, तसे त्याने तिच्याकडे पाहिले.

"रिकाम्या? अगं, मी जन्मभर काउंटीची बर्फ लोटायची गाडी चालवली. रोज संध्याकाळी कागद भरून द्यायचा. एक चौकोन रिकामा राहिला की कागद परत. वर साहेबाची चिठ्ठी."

"मग तुम्ही काय लिहिलं?"

"आजूबाजूला बघितलं. दिसलं ते लिहिलं."

फॉर्म भरायला तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. ओट्याशी फर्न, म्हणजे त्याची बायको, रुबार्बच्या आंबट देठांची पाई करत होती. म्हणून दुसऱ्या ओळीत रुबार्बची पाई. दाराजवळच्या खुंटीवर हिवाळ्यातले हातमोजे अजून लटकत होते. म्हणून तिसऱ्या ओळीत विणलेले हातमोजे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ग्लॅडिओलीची फुले होती, ती चौथ्या ओळीत गेली. पाचव्या ओळीला मात्र त्याचे डोळे खोलीभर फिरून शेवटी टेबलाखाली गेले. तिथे कुत्रा झोपला होता.

"तुमच्या यादीत कुत्र्याचा वर्गच नाही. म्हणून लिहिलं, छायाचित्र, झोपलेला प्राणी." एल्डनने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "तेव्हापासून तो झोपत नाहीये. कॅमेरा काढला की उठून बसतो."

ट्रूडीला हसू आले, आणि अर्ध्यातच थांबले. तिने लोकर बाजूला करून आपला फॉर्म उघडला. पाच कोऱ्या ओळी, डावीकडे एक ते पाच आकडे, तळाशी बारीक करड्या अक्षरांत 'ओळ वाढवा'. लोकांचे कष्ट वाचावेत म्हणून तिने ओळी आधीच उघडून ठेवल्या होत्या. रिकामी राहिली तर ती आपोआप गळून जाईल, अशी तजवीजही केली होती. फक्त तसे कुठे लिहिले नव्हते. चाचणीसाठी तिने आपल्या बहिणीला आणि मेहुण्याला बसवले होते. दोघांनी पाचही ओळी भरल्या होत्या. ट्रूडीने तो उत्साह समजला होता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी आत्ता बाकीच्या चार ओळी काढून टाकते."

"पहिल्या आठवड्यातली नावं पेपरात आली."

"मग काय झालं?"

"पाईच्या वर्गात माझं नाव आहे, हे फर्ननं वाचलं."

फर्न स्कारच्या रुबार्बच्या पाईला निळी फीत, म्हणजे पहिले बक्षीस, मिळणे हे बासवुड काउंटीत इतके ठरलेले होते, की इतर बायका त्या वर्गाच्या वाटेलाच जात नसत.

"काय म्हणाली?"

"काही नाही. जेवायचं ताट ठेवलं."

"म्हणजे रागावली नाही."

"जरा जोरात ठेवलं." त्याने टोपी उलटी करून आत पाहिले. "मी म्हटलं, मला जरा शिकवतेस का. तर म्हणाली, तू लिहिलंयस, तूच कर. आणि माझ्या ओट्याला हात लावायचा नाही."

"मग काढूनच टाकते ना!"

"आता काढलं तर लोक म्हणतील, बायकोला घाबरला."

"घाबरलात का?"

"तो विषय वेगळा," एल्डन म्हणाला आणि सुया उचलून त्याने दोन्ही हातांत धरल्या, गाडीचे दोन दांडे धरावेत तशा.

ट्रूडीलाही विणता येत नव्हते. मग दोघांनी खुर्च्या जवळ घेऊन, पडद्यावर एका आजीबाईंचे हात बघत बघत पहिले टाके घातले. एल्डनची बोटे जाडजूड होती, पण घाई नव्हती. चुकले की तो शांतपणे सगळे उसवायचा आणि म्हणायचा, "रस्ता परत साफ."

तो गेल्यावर ट्रूडी गाडी काढून जत्रेच्या मैदानावर गेली.

जत्रा समितीच्या सचिव आर्डिस ब्रेके यांचे ऑफिस प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होते. वेबसाइट हे खूळ आहे, असे त्या गेली कित्येक वर्षे म्हणत होत्या. आज त्यांनी ट्रूडीला पाहताच डबा उघडून लिंबाच्या वड्या पुढे केल्या.

"ये गं बाई, तुझ्या तोंडात साखर पडो! टेबलं पुरत नाहीयेत. लुथरन चर्चकडून मागवली, कॅथलिक चर्चकडूनही मागवली. दोन्ही टेबलांची उंची सारखी नाही, पण लोणच्याला काय कळतंय?"

आर्डिसना आनंद व्हायला कारण होते. गेल्या वर्षी हस्तकला आणि पाककलेचा जुना लाकडी हॉल निम्मा रिकामा राहिला होता. काउंटीच्या कारभाऱ्यांनी तो डोळ्यांनी पाहिला आणि सांगून टाकले, की यंदाही असेच झाले तर हॉल गरम पाण्याचे टब विकणाऱ्याला भाड्याने देऊ. तो टबवाला दोनदा येऊन दाराची रुंदी मोजून गेला होता.

ट्रूडीने नोंदींची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. प्रत्येक नावापुढे पाच. जणू सगळी काउंटी एका ताटात जेवून उठली होती.

तिने वडी खाली ठेवून सगळे सांगितले. आर्डिस चावायच्या थांबल्या.

"म्हणजे मॉरिस टेग्टमायरनं रजई लिहिली आहे, ती?"

"चुकून."

"आणि पाद्रीबाबांचा ससा?"

"तोही चुकूनच असणार."

"तरीच! त्यांच्याकडे ससा नाही हे मला माहीत होतं. म्हटलं, घेतला असेल."

"आणि उलटही झालंय, आर्डिस. फर्न दरवर्षी दहा-बारा गोष्टी ठेवते. यंदा पाचच. ओळ वाढवायचं बटण तिला दिसलंच नाही. कुणालाच दिसलं नाही. मी सगळ्यांना पत्र पाठवते. सांगते की रिकाम्या ओळी चालल्या असत्या, ज्यांना नाव काढायचं त्यांनी काढावं, ज्यांना वाढवायचं त्यांनी वाढवावं."

"अजिबात नाही." आर्डिसनी डब्याचे झाकण लावले. "लोक नावं काढतील आणि त्या हॉलमध्ये बुडबुडे येणारे टब बसतील. माझ्या आईनं त्या हॉलमध्ये बटाट्याच्या सालीची माळ ठेवून बक्षीस घेतलंय."

"पण चूक ती चूकच ना?"

"चूक कुणाला टोचतेय का? मग गप बस. पंधरा दिवस तरी गप बस."

ट्रूडी गप बसली नाही, पण पत्रही लगेच पाठवले नाही. तिने आधी फॉर्म नव्याने मांडायला घेतला. सुरुवातीला फक्त एक ओळ. ती भरली की आपली आपण घडी घालून वर बसेल, 'बीटचे लोणचे' एवढेच दिसेल, शेजारी बदलायची आणि काढायची सोय. आणि तिच्या खाली सारख्याच आकाराची दोन मोठी बटणे. एकावर 'आणखी एक नोंदवा.' दुसऱ्यावर 'झालं, एवढंच.'

ती ते बटण निरखत होती तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली आणि फर्न स्कार दारात उभी राहिली. बुटकी, ताठ, पर्स पोटाशी धरलेली.

"तू पत्र पाठवणार आहेस म्हणे," ती म्हणाली. "आर्डिसनं सांगितलं. पाठवू नकोस."

"फर्न, बसा ना. एल्डनसाठी म्हणताय का? ते बिचारे उगाच अडकलेत. पत्र गेलं की सुटतील."

"सुटतील!" फर्न बसली. "तुझं लग्न झालेलं नाही, म्हणून असं बोलतेस. अगं, नोकरी संपल्यापासून हा माणूस खिडकीशी बसून आभाळाकडे बघायचा. बर्फ पडेल का म्हणून. मे महिन्यात! मी म्हणायची, एल्डन, पानं आलीत झाडांना. तर म्हणायचा, कधी कधी उशिरा पडतो." तिने पर्सची कडी उघडली आणि लावली. "आता सकाळी माझ्या आधी उठतो. फुलांना पाणी घालतो. कुत्र्याच्या मागे पोटावर सरपटतो. आणि दर गुरुवारी चर्चच्या तळघरात जाऊन पाई भाजतो. मला सांगतो, चर्चच्या पन्हळी साफ करत होतो. कानात पीठ."

"तुम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे?"

"आमच्याकडे पाईचा विषय बंद आहे. त्याला वाटतं मी चिडलेय. वाटू दे. मी चिडलेय म्हटल्यावर तो जास्त मन लावून करतो."

"पण तुमचाच तोटा झालाय ना? पाचच गोष्टी ठेवता आल्या तुम्हाला. पत्रात मी लिहिणार आहे, की वाढवता येतील."

फर्न जराशी पुढे झुकली.

"तेच लिहू नकोस. मी पाई ठेवलेली नाही."

"रुबार्बची?"

"हळू बोल. खाली हार्डवेअरमध्ये सगळं ऐकू जातं." तिने जिन्याकडे पाहिले. "पाचच ओळी दिसल्या, तेव्हा मी काय काय गाळायचं ते ठरवायला बसले. सगळ्यात आधी पाईवर काट मारली. इतकं हलकं वाटलं मला! मला तो रुबार्ब बघवत नाही, ट्रूडी. दात आंबतात. कित्येक वर्षं झाली बंद करायचं मनात होतं. पण कसं करणार? निळी फीत मिळत राहते, लोक धरून चालतात. आता कुणी विचारलंच तर माझ्याकडे उत्तर आहे. काय करणार बाई, फॉर्ममध्ये पाचच ओळी होत्या."

ट्रूडीने पडदा फर्नकडे वळवला.

"हा नवा फॉर्म आहे. जरा भरून बघता? मला तुमचे हात बघायचेत, बाकी काही नाही."

फर्नने चष्मा लावला. एका बोटाने 'उशीचा अभ्रा, भरतकाम' असे लिहिले. ओळ घडी घालून वर गेली, तशी ती किंचित दचकली आणि मग मान हलवली. तिचे बोट खाली आले. 'आणखी एक' वर थांबले नाही. दुसऱ्या बटणावर आले आणि तिथेच राहिले.

"झालं, एवढंच," तिने वाचले. "हे आधी कुठं होतं?"

"आधी नव्हतं."

"नाही, तसं नव्हे." फर्नने बोट काढून घेतले, चष्मा उतरवून पर्समध्ये ठेवला. "एरवी म्हणतेय मी." आणि ती उठली. दारातून वळून म्हणाली, "पत्राचं तुझं तू बघ. पण मला विचारशील तर, काही चुका चांगल्या चालल्या असतात. त्यांना हाक मारू नये."

ट्रूडीने दोन दिवस काढले. आर्डिसचे खरे होते, फर्नचेही खरे होते. पण फॉर्म म्हणजे शेवटी माणसाला विचारलेला प्रश्न, आणि दरडावून विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले उत्तर आपले कसे म्हणायचे, हे काही तिच्या मनातून जाईना. शुक्रवारी सकाळी तिने पत्र पाठवले. ओळी रिकाम्या सोडल्या तरी चालणार होते, हे सांगायचे राहिले. चूक माझी. नाव काढायचे असल्यास इथे, वाढवायचे असल्यास इथे.

मग ती टेबलाशी बसून हॉल रिकामा व्हायची वाट पाहू लागली.

पहिले उत्तर मॉरिस टेग्टमायरचे आले. 'माझी रजई चुकून लिहिली, असं तुला कुणी सांगितलं? अर्धी झाली आहे.' पाद्रीबाबांनी लिहिले, की ससा घरी आला आहे, नाव हबक्कूक ठेवले आहे, त्याने रविवारच्या प्रवचनाचे दुसरे पान खाल्ले आणि प्रवचन त्यामुळे सुधारले असे मंडळींचे मत आहे. तरी नोंद राहू द्यावी. दुपारपर्यंत उत्तरे येत राहिली. काही दुखावलेली, काही फणकाऱ्याची. चुकून? आम्ही? एकानेही नाव काढले नाही. उलट काहींनी आणखी एकेक वस्तू वाढवली, बहुधा ट्रूडीला दाखवून देण्यासाठी.

"बघ, मी म्हणतच होते पत्र पाठव," आर्डिस फोनवर म्हणाल्या. टबवाला शेजारच्या काउंटीत गेला होता.

संध्याकाळी एल्डन आला. त्याने खिशातून एक तयार हातमोजा काढला आणि सुईवरचा अर्धा हातमोजा त्याच्या शेजारी धरला.

"पत्र वाचलं," तो म्हणाला.

"मग? काढू नाव?"

"त्यासाठी नाही आलो. हा दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होतोय. तो काही फॉर्मचा दोष नाही ना?"

"नाही, एल्डन. तो तुमचा दोष आहे."

"मला वाटलंच," तो म्हणाला आणि समाधानाने उसवायला बसला.

ऑगस्टमध्ये परीक्षणाच्या दिवशी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मॉरिसच्या रजईसमोर बायका माना तिरक्या करून उभ्या होत्या, कारण रजईच तिरकी होती. हबक्कूक आपल्या पिंजऱ्यात स्वतःचे नावाचे कार्ड खात होता. 'झोपलेला प्राणी' या छायाचित्रात कुत्रा टक्क जागा होता आणि त्याच्या मागे, खुर्चीत, तोंड उघडे टाकून एल्डन झोपला होता. फोटो फर्नने काढला होता. त्याला आधीच निळी फीत लागली होती. प्राणी कोणता असावा हे नियमात दिलेले नाही, असे परीक्षकांनी शेऱ्यात लिहिले होते.

पाईचे परीक्षण लोकांसमोर होते. दुसऱ्या काउंटीहून आलेल्या परीक्षक बाई लांब टेबलामागे उभ्या राहतात, एकेक पाई कापतात, चाखतात आणि मोठ्याने बोलतात; करणाऱ्याने समोर बसून ऐकायचे. एल्डन पहिल्या रांगेत बसला होता. पांढरा शर्ट, ओले करून बसवलेले केस. फर्न एक खुर्ची सोडून. मधे ट्रूडी, कारण दोघांनीही तिला तिथेच बसायला सांगितले होते.

"रुबार्ब," बाई म्हणाल्या. टेबलावर तीन पाई आल्या.

एल्डनने तिन्ही निरखून पाहिल्या. मग तो उभा राहिला.

"थांबा. एक यायची आहे."

बाईंनी हातातला कागद पाहिला. "माझ्याकडे तीनच आहेत."

"माझ्या बायकोची असते. दरवर्षी असते. तुम्ही नव्या आहात, तुम्हाला ठाऊक नाही. कुठंतरी मागं राहिली असेल. आज सकाळी तिनं खोकी गाडीत ठेवली, मी बघितलं." तो आर्डिसकडे वळला. "आर्डिस, जरा बघता का? तिची आल्याशिवाय हे कापणं बरोबर नाही."

आर्डिस फर्नकडे बघत होत्या. सगळा हॉल फर्नकडे बघत होता.

"एल्डन, खाली बस," फर्न म्हणाली.

"पण तुझी पाई..."

"मी ठेवलेली नाही."

"का?"

"लोक बघतायत. बस."

"माझ्यामुळे?" एल्डनचा चेहरा उतरला. "फर्न, मी ते मुद्दाम नव्हतं लिहिलं. ओळ रिकामी होती आणि तू समोर लाटत होतीस. तू नसशील तर मलाही नको. बाई, माझी उचला."

"तुझ्यामुळे नाही!" फर्न उठून उभी राहिली. पर्स पोटाशी होती. "मला ती आवडत नाही, म्हणून. झालं?"

"काय आवडत नाही?"

"रुबार्ब."

मागे कुणीतरी श्वास ओढून घेतला.

"केव्हापासून?" एल्डनने विचारले.

"तुझ्या आईनं शिकवली तेव्हापासून. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. म्हणाली, माझ्या एल्डनला ही लागतेच."

एल्डनने टोपी शोधायला हात वर नेला, टोपी नव्हती. मग त्याने बसवलेल्या केसांवरून हात फिरवला आणि ते उभे राहिले.

"मला नाही लागत," तो म्हणाला.

"काय?"

"मला नाही आवडत. लहानपणी आई समोर बसून खायला लावायची. मग तू करायला लागलीस. म्हटलं, तुझ्या हातची आहे, नाही कसं म्हणायचं."

"तू दोन तुकडे मागून घ्यायचास!"

"लवकर संपावी म्हणून."

हॉलमध्ये कुणी हसले नाही. बासवुड काउंटीत अशा वेळी लोक छताकडे बघतात. सगळे छताकडे बघत होते. पाद्रीबाबांचे खांदे तेवढे हलत होते.

परीक्षक बाईंच्या हातात सुरी तशीच होती.

"मग मी ही कापू, की नको?" त्यांनी विचारले.

"कापा," एल्डन आणि फर्न एकदमच म्हणाले आणि खाली बसले. या वेळी शेजारी. ट्रूडीने आपली खुर्ची गुपचूप मागे घेतली होती.

बाईंनी कापली, चाखली, डोळे मिटले. पारी कडेला थोडी जाड आहे, म्हणाल्या. तळाला कच्ची नाही, हे महत्त्वाचे. सारण आंबट आहे, पण ज्याने केले त्याने घाई केलेली नाही, एवढे कळते. एकंदरीत वाईट नाही. बासवुड काउंटीत याहून मोठी स्तुती मयतातसुद्धा कुणाच्या वाट्याला येत नाही. एल्डनला लाल फीत मिळाली, म्हणजे दुसरी. निळी फीत कॅथलिकांच्या एका तरण्या सुनेला गेली. ती पहिल्यांदाच त्या वर्गात उतरली होती आणि आता रडत होती.

दुपारी ट्रूडी लिंबाच्या सरबताचे तीन पेले घेऊन हॉलच्या मागच्या बाजूला गेली. तिथे सावलीत एका बाकावर दोघे बसले होते. मधे ती पाई होती, एक तुकडा कापलेली, बाकी जशीच्या तशी. दोघेही तिच्याकडे न बघता समोरच्या आकाशपाळण्याकडे बघत होते.

ट्रूडी काही म्हणणार, एवढ्यात एल्डन बोलला.

"मग तुला कुठली आवडते?"

पाळणा एक पुरा फेरा फिरून आला.

"चेरीची, बहुतेक," फर्न म्हणाली. "लहानपणी एकदा खाल्ली होती, मावशीकडं. आता आवडेल की नाही, सांगता नाही यायचं."

"चेरीच्या बिया काढायच्या असतात ना?"

"एकेक."

"कोण काढतं?"

"जो करतो तो."

एल्डनने आपल्या हातांकडे पाहिले. बोटांवर लोकरीने पडलेले बारीक वळ होते.

"आत्ता मिळतील का कुठं?"

"ऑगस्टात कसल्या? गेल्या महिन्यात संपल्या. आता थेट पुढच्या जुलैला."

ट्रूडीने पेले बाकाच्या कडेला ठेवले आणि आवाज न करता ती मागे फिरली. तिच्या पाठीमागे पाळणा पुन्हा सुरू झाला होता.

"जुलै काय," एल्डन म्हणत होता. "थांबू की."